ठिणगी बघण्याची रीत



 वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १०८९ सीसीची पद्मिनी गाडी घडली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईत टॅक्सी म्हणून धावत नाही. पण वडिलांची पद्मिनी जपणारी घरं अजून आहेत. पाऊस सुरू झाला की त्यांची तक्रार ठरलेली: सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही.

लहानपणी गोवंडीच्या एका गॅरेजात पाहिलेला प्रसंग मी विसरलेलो नाही. ठिणगी पडते का ते बघायला मिस्त्रीने प्लगची वायर दोन बोटांत धरली, टोक इंजिनाजवळ नेलं आणि पोऱ्याला म्हणाला, "मार सेल्फ." करंट त्याच्याच हातातून गेला. हात झटक्याने मागे आला आणि कोपर बॉनेटच्या कडेवर आपटलं. सगळे त्याला धाडस म्हणाले. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून आपण बेफिकीर असतो. पण डिस्ट्रीब्युटरमधले पॉइंट उघडले की कॉइलचा प्रवाह एकदम तुटतो आणि तिच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उभे राहतात. पेसमेकर बसवलेल्या माणसाने या कामापासून लांबच राहावं.

म्हणून रीत नीट सांगतो. गाडी मोकळ्या हवेत, न्यूट्रलवर, हँडब्रेक ओढून. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी गळती शोधा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते आणि एका ठिणगीने पेटते. इंजिनातले प्लग जागेवरच राहू द्या. प्लग काढला तर त्या भोकातून पेट्रोलमिश्रित हवा बाहेर फेकली जाते. चावी बंद असताना एका प्लगची वायर काढून तिला सुटा प्लग लावा. त्या प्लगचं धातूचं अंग क्लिपच्या वायरने इंजिनाच्या स्वच्छ धातूला जोडा, कार्ब्युरेटरपासून दूर. हात, बाही, ओढणी पंख्यापासून लांब. मग गाडीत बसलेल्याने दोन-तीन सेकंद सेल्फ मारावा आणि आपण लांबूनच बघावं.

टकटक आवाज करत निळसर-पांढरी ठिणगी पडली, तर बहुधा करंट ठीक आहे, पेट्रोलकडे वळा. पिवळट, मरगळलेली पडली, तर पॉइंट आणि कंडेन्सर तपासा. पावसाळ्यात मात्र आधी डिस्ट्रीब्युटरचं झाकण उघडून कोरड्या फडक्याने पुसा. पुष्कळदा दोष तेवढाच असतो. तपासणी संपली की चावी चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापत राहते.

त्या पोऱ्याच्या वयाची मुलं आजही गॅरेजात मिस्त्रीशेजारी उभी असतात. "मार सेल्फ" ती ऐकून शिकतातच. वायरला हात लावण्याआधी मोठ्याने "चावी बंद?" विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, हे त्यांना पहिल्याच दिवशी शिकवा.