तंबाखूचं फूल राहू द्या

आज मी तुमच्याशी तंबाखूविषयी बोलणार आहे. दचकू नका. खाण्याच्या नाही, ओढण्याच्याही नाही. कुंडीत लावण्याच्या आणि संध्याकाळी हुंगण्याच्या तंबाखूविषयी.

मी मूळची निपाणी भागातली. लग्नानंतर बंगळुरूला आले आणि आता इथलीच झाले. आमच्या इमारतीच्या गच्चीवर माझ्या तीस-बत्तीस कुंड्या आहेत. त्यात मोगरा आहे, निशिगंध आहे, तुळस आहे. पण पाहुण्यांना मी आधी दाखवते ती सुगंधी तंबाखू. आणि निपाणीकडचा पाहुणा असेल तर तो हमखास विचारतो, “अहो, तंबाखूला फूल येतं होय?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्याकडे शेतात तंबाखूला फूल येऊच देत नाहीत. कळ्या दिसायला लागल्या की शेंडा खुडायचा. मग झाडाची सगळी ताकद पानात जाते. पान जाड होतं, वजन भरतं. शेंडा खुडला की पानांच्या बगलेतून नवे फुटवे येतात, तेही काढायचे. पैसा पानाचा आहे, फुलाचा नाही. म्हणून तंबाखूच्या मुलखात जन्म काढूनही माणसाला तंबाखूचा बहर डोळे भरून पाहायला मिळत नाही. बियाण्यासाठी राखलेली चार झाडं फुलतात, तेवढीच.

आता शेतातली तंबाखू आणि माझ्या कुंडीतली तंबाखू यांचं नातं सांगते. तंबाखूच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव निकोटियाना. ज्याँ निको नावाचा फ्रान्सचा वकील लिस्बनला होता. त्याने १५६०च्या सुमारास ही वनस्पती फ्रान्सच्या दरबारी पाठवली, त्याच्यावरून हे नाव पडलं. आपण शेतात लावतो ती निकोटियाना टबॅकम. बागेसाठी लावतात त्या मुख्यतः दोन. एक निकोटियाना अलाटा. ती दक्षिण ब्राझील, पॅराग्वे, उत्तर अर्जेंटिना या भागातली. अडीच-तीन फूट वाढते, फुलं पांढरी, चांदणीसारखी. दुसरी निकोटियाना सिल्व्हेस्ट्रिस. ती चार-पाच फूट सहज जाते आणि तिच्या शेंड्याला लांब नळीची पांढरी फुलं झुंबरासारखी लोंबतात. ही सिल्व्हेस्ट्रिस म्हणजे शेतातल्या तंबाखूची आई. सिल्व्हेस्ट्रिस आणि आणखी एक रानटी जात यांच्या संकरातून दक्षिण अमेरिकेत टबॅकम जन्माला आली.

दुपारी ही झाडं पाहिलीत तर तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? अलाटाची फुलं दिवसा मिटल्यासारखी, मलूल दिसतात. दिवे लागायच्या वेळेला ती उघडतात आणि अंधार पडला की वास सुरू होतो. जाईजुईच्या जवळ जाणारा, पण थोडा मसालेदार. दिवसभर ते झाड गप्प असतं, कारण हा वास तुमच्या-माझ्यासाठी नाहीच. तो पतंगासाठी आहे.

संध्याकाळी फुलापुढे एका जागी तरंगत, पंख भिरभिरवत मध पिणारा मोठा पतंग तुम्ही कधी पाहिला असेल. त्याला हॉक मॉथ म्हणतात. आपल्याकडे रताळ्याच्या वेलावर ज्याची अळी वाढते तो ॲग्रियस कॉन्व्होल्व्युलाय त्यातलाच. त्याची सोंड त्याच्या अंगापेक्षा लांब असते. आता फुलाची रचना पाहा. नळी लांब, मध तळाशी, रंग पांढरा म्हणजे अंधारात उठून दिसणारा, आणि वास रात्रीचा. दक्षिण अमेरिकेतल्या फुलाने तिकडच्या पतंगांसाठी मांडलेलं हे ताट आहे. पण आपल्याकडच्या पतंगाची सोंडही तिथवर पोचते. गच्चीवर पहिल्यांदा तो आला तेव्हा मला वाटलं, लहानसा पक्षीच शिरला.

तर मंडळी, एवढं लक्षात ठेवलंत की या झाडाची निगा निम्मी कळली. पतंगासाठी जे चांगलं, तेच या झाडासाठी चांगलं.

आधी बी. लालबागेजवळ सिद्धापुऱ्यात रोपवाटिकांची रांगच आहे. जानेवारी आणि ऑगस्टमधल्या लालबागच्या पुष्पप्रदर्शनांच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. तिथे ‘निकोटियाना’ मागितलीत तर बहुतेक वेळा ठेंगणी, लाल-गुलाबी संकरित रोपं हातात येतात. दिसायला छान, दिवसाही उघडी राहतात, पण वासाच्या नावाने बऱ्याचदा शून्य. वास हवा असेल तर नाव पाहून, पांढऱ्या अलाटाचं किंवा सिल्व्हेस्ट्रिसचं बी घ्या.

बी इतकं बारीक की चिमटीत शेकडो मावतं. कोरड्या वाळूत मिसळून भिजवलेल्या मातीवर भुरभुरवा. आणि वरून माती घालू नका. या बियांना रुजायला उजेड लागतो. हलकेच दाबा, वरून काच किंवा पारदर्शक झाकण ठेवा, पाणी खालच्या ताटलीतून द्या. वरून झारी धरलीत तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होईल. दहा ते वीस दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. चार पानं आली की एकेक रोप वेगळं करा.

वेळ कोणती? बंगळुरूला सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस जोरदार असतो, म्हणून मी ऑक्टोबरमध्ये आडोशाला बी टाकते आणि नोव्हेंबरअखेर मोठ्या कुंडीत लावते. जानेवारी-फेब्रुवारीत बहर येतो. पुणे, नाशिक, बेळगाव इथे हेच वेळापत्रक चालावं. नागपूर-अमरावतीकडे थंडी एवढाच हंगाम धरा, मार्चनंतर झाड टिकणं अवघड. कोकण, मुंबई, गोव्यात पाऊस पुरता थांबल्यावर लावा आणि दमट हवेत झाडं दाटीने ठेवू नका. परदेशात बर्फाच्या गावी राहणाऱ्यांनी मार्चमध्ये घरात बी रुजवावं आणि हिमतुषाराची भीती गेली की रोपं बाहेर काढावीत.

अलाटाला दहा इंची कुंडी पुरे, सिल्व्हेस्ट्रिसला चौदा-सोळा इंची. निम्मी लाल माती, निम्मं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आणि निचरा चांगला. ऊन सकाळचं हवं. दुपारी थोडी सावली मिळाली तर फुलं जास्त टिकतात. पानं मोठी, म्हणून पाणी बरंच लागतं. २०२४च्या उन्हाळ्यात बंगळुरूला पाण्याचे हाल झाले, तेव्हापासून तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी मी याच कुंड्यांना राखून ठेवते. उंच झाडाला काठी बांधा. नत्राचं खत फार घालू नका, नाहीतर आमच्या शेतासारखं नुसतं पानच पोसेल. सुकलेली फुलं काढत राहिलात तर बहर दोन-अडीच महिने चालतो.

आता कीड. पानांना बारीक चिकट लव असते, तरीही मावा आणि पांढरी माशी येतेच. त्याहून खादाड म्हणजे तंबाखूची पानं खाणारी अळी, स्पोडोप्टेरा. तिची मादी पानाच्या खाली अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर तपकिरी केसांचं पांघरूण घालते. तो पुंजका दिसला की पानाचा तेवढा तुकडा काढून साबणाच्या पाण्यात टाका. मोठ्या अळ्या दिवेलागणीला टॉर्च घेऊन हाताने वेचा. माव्यावर साध्या पाण्याचा जोराचा फवारा पुरतो.

पण झाडाच्या अंगात भिनणारी कीटकनाशकं या झाडाला देऊ नका. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं मुळातून शोषली जातात आणि फुलातल्या मधापर्यंत पोचतात. ज्याला आमंत्रण द्यायचं त्याच्याच ताटात विष वाढल्यासारखं होईल. या औषधांच्या गटाचं नाव निओनिकोटिनॉइड, म्हणजे नव्या प्रकारचं निकोटिन. तंबाखूने किड्यांविरुद्ध मुळात घडवलेलं हत्यार आपण कारखान्यात नव्याने घडवलं.

दुसरा रोग मोझेक. पानावर फिकट-गडद हिरवे चट्टे, पान आक्रसलेलं. विषाणू नावाची वस्तू माणसाला पहिल्यांदा सापडली ती याच रोगाचा शोध घेताना. इव्हानोव्स्की याने १८९२ मध्ये आणि बायेरिंक याने १८९८ मध्ये तंबाखूच्या रोगट पानांवरच काम केलं होतं. हा विषाणू हातातून पसरतो. घरात कोणी हातावर तंबाखू मळत असेल, विडी ओढत असेल, तर त्यांनी साबणाने हात धुतल्याशिवाय रोपाला हात लावू नये. टोमॅटो, मिरची, वांगी ही याच कुळातली भावंडं; त्यांच्या कुंड्या लांब ठेवा. रोग दिसला तर झाड उपटून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नको.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. फूल कितीही गोड वासाचं असलं तरी झाड विषारी आहे. निकोटिन मुळांत तयार होतं आणि पानांत साठतं. लहान मुलं, कुत्री, मांजरं, गच्चीवर येणारी शेळी-गाय असेल तर तीही, सगळ्यांपासून जपा. ओली पानं उघड्या हातांनी फार वेळ हाताळली तर निकोटिन कातडीतून अंगात जातं. मळमळ, चक्कर येते. तंबाखूच्या शेतात काम करणाऱ्यांना होणारा हा जगभर ठाऊक असलेला त्रास आहे. हातमोजे घाला.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलंय. माझी आई हंगामात शेतात शेंडे खुडायला जायची आणि एरवी तंबाखूच्या वखारीत चाळणीवर असायची. डोक्याला, तोंडाला फडकं बांधून दिवसभर धूळ. निपाणीच्या तंबाखूबद्दल बाहेर दोनच गोष्टी पोचल्या. १९८१चं शरद जोशींच्या नेतृत्वाखालचं शेतकऱ्यांचं आंदोलन, ज्यात गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे जीव गेले; आणि वखारीतल्या बायांची संघटना. त्या बायांवर १९८२ मध्ये माहितीपट केला तो याच बंगळुरूच्या ‘युगांतर’ नावाच्या स्त्रीवादी गटाने.

तीन वर्षांपूर्वी आई माझ्याकडे आली. सिल्व्हेस्ट्रिसला नुकत्या कळ्या धरलेल्या. तिने झाड लांबूनच ओळखलं, जवळ गेली, आणि तिचा हात आपोआप शेंड्याकडे गेला. “आगं, ह्यो खुडायचा ऱ्हायलाय की!” मी म्हटलं, “राहू दे आई, फुलासाठीच लावलंय.” तिला पटलं नाही, पण हात मागे घेतला. चार-पाच दिवसांनी फुलं उमलली. संध्याकाळी ती खुर्ची टाकून बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “वास हाय की गं ह्याला. वखारीत असला वास कुटला.” नंतर रोज दिवे लागले की ती गच्चीवर असायची. तिसऱ्या दिवशी तिनेच गच्चीचा बल्ब बंद केला. पाखरं दिव्याकडं जात्यात, झाडाकडं येत न्हाईत, म्हणाली.

आईने पाहिलं ते शास्त्रज्ञांनीही मोजलंय. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी रात्री काही कुरणांवर दिवे लावले, काही अंधारात ठेवली. उजेडातल्या फुलांना रात्रीच्या कीटकांच्या भेटी ६२ टक्के कमी झाल्या. २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. बंगळुरूच काय, आता आपली गावंही रात्रभर पांढऱ्या एलईडीखाली असतात. खत, पाणी, माती सगळं केलंत आणि वरचा दिवा चालूच ठेवलात, तर फुलाची हाक कोणी ऐकणार नाही.

तेव्हा या ऑक्टोबरला एक कुंडी करून पाहा. शेंडा खुडू नका. औषध मारू नका. बहर आला की रात्री आठ ते नऊ एवढा एक तास गच्चीचा दिवा बंद ठेवा आणि झाडापासून दोन हात लांब, गुपचूप बसा. पतंग आला तर कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात आला ते मला जरूर कळवा.