‘असेल’ आणि ‘असणारच’

श्रोतेहो, आज समोर अभ्यासिकेतली मंडळी बरीच दिसतायत, म्हणून थेट फळ्याकडेच वळतो. बँक अधिकारी भरतीच्या आयबीपीएस पीओ पूर्वपरीक्षेत रीझनिंगचे 35 प्रश्न आणि हाताशी 20 मिनिटं. एका प्रश्नाला जेमतेम 34 सेकंद. असमानतेचे प्रश्न सोपे म्हणून मुलं आधी त्यांच्यावरच तुटून पडतात आणि नेमके तिथेच गुण घालवून बसतात. त्यांचं गणित कच्चं नसतं. जे असू शकतं ते असणारच, असं ती धरून चालतात.

ही मांडणी पाहा :

क ≥ ख = ग > घ ≤ च

कपासून घपर्यंत चिन्हांची दिशा एकच आहे आणि वाटेत एक निखळ ‘>’ आहे. तेव्हा क हा घपेक्षा मोठाच. इथे कुणी अडत नाही.

आता ग आणि च. घपाशी दिशा उलटली. ग 5 धरा, घ 3. च 4 असला तर ग मोठा, च 9 असला तर ग लहान, आणि च 5 असला तर? बरोबरी. तिन्ही चालतं. प्रश्नात निष्कर्ष दिलेत : ‘ग > च’ आणि ‘ग < च’. घाईतला विद्यार्थी ‘दोहोंपैकी एक’ या पर्यायावर क्लिक करून मोकळा होतो. पण ते 5 आणि 5 कुठे गेले? उत्तर ‘एकही निघत नाही’. आता दुसरा निष्कर्ष ‘ग ≤ च’ असा करा. तिन्ही शक्यता झाकल्या गेल्या, म्हणून आता मात्र ‘दोहोंपैकी एक’ बरोबर. फरक फक्त एका आडव्या रेघेचा!

जाता जाता सांगतो, ‘>’ आणि ‘<’ छापून आले 1631 मध्ये, टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथात. तो वारल्यावर दहा वर्षांनी. खाली बरोबरीची खूण जोडलेलं रूप फ्रान्सच्या बूगेरने वापरलं ते 1734 मध्ये. आपल्या पोरांना छळतं ते हेच दुसरं.

सांकेतिक असमानतेतही तोच सापळा. ‘क @ ख म्हणजे क हा खपेक्षा लहान नाही’ असं वाचलं की हात आपोआप ‘>’ काढतो. क्लासमधले तक्ते पाठ करण्यावर माझा फारसा विश्वास नाही. कच्च्या कागदावर मोठा, समान, लहान अशी तिन्ही चिन्हं मांडा आणि जे नाकारलंय तेवढंच खोडा. ‘लहान नाही’ म्हटलं की लहान गेला, उरलं ‘≥’. ‘लहानही नाही, समानही नाही’ म्हटलं की उरलं निव्वळ ‘>’. सुरुवातीला यात पाच-दहा सेकंद जातात, जाऊ द्या. संकेत एकदाच उलगडायचे असतात आणि त्यांवर बहुधा चार-पाच प्रश्न ओळीने येतात. चुकलेल्या उत्तरामागे मात्र त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा दर वेळी कापला जातो.