क्रोशाची लेस: वसईच्या घरांतील एक हस्तकला

लेस म्हणजे दोऱ्याने मोकळ्या जागा बांधून केलेली जाळी. भरतकामाला खाली कापड लागते, लेसला ते लागत नाही. दोरा स्वतःभोवतीच गुंफला जातो आणि त्याच्या फटींतून नक्षी दिसू लागते. वसई-विरार भागात ही लेस मुख्यतः क्रोशाच्या सुईने विणली जाते. पापडी, सांडोर, गास, नंदाखाल, आगाशी या गावांतील ख्रिस्ती घरांत वेदीवरच्या पांढऱ्या वस्त्राला, उशीच्या अभ्र्याला, टेबलावरच्या रुमालाला ती लावलेली आढळते. शेजारच्या हिंदू घरांत हीच सुई दारावरचे तोरण विणते, ताटावरचे रुमाल विणते, आणि मुलीच्या लग्नात रुखवतावर मांडायच्या वस्तूही विणते.

ही कला पोर्तुगिजांनी आणली असे सर्रास सांगितले जाते. सनावळी पाहिली तर ते अर्धेच खरे ठरते. वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगिजांकडे होती. तेव्हा युरोपात लेस होती, पण ती क्रोशाची नव्हती; एक तर शिवणाच्या सुईने केलेली असे, नाही तर लाकडी दांड्यांवर गुंफलेली. दांड्यांवरच्या लेसच्या नमुन्यांचे ‘ले पोंपे’ हे पुस्तक व्हेनिसमध्ये १५५७ साली छापले गेले. संत गोन्सालो गार्सिया यांचा वसईतला जन्म त्याच सुमाराचा. मिस्साच्या वेळी धर्मगुरू घालतात त्या पांढऱ्या झग्याच्या घेराला आणि वेदीच्या वस्त्राला लेस लावण्याची रीत त्या काळातली. क्रोशाचे छापील नमुने मात्र १८२० च्या दशकात नेदरलँड्समधल्या ‘पेनेलोपे’ या मासिकातून पहिल्यांदा लोकांसमोर आले. तोवर चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतल्याला ऐंशीहून अधिक वर्षे लोटली होती. तेव्हा लेसची हौस पोर्तुगीज काळातली म्हणता येईल, क्रोशाची सुई मात्र त्यांच्या नंतरची आहे.

जुन्या पद्धतीची म्हणजे दांड्यांवरची लेस, जिला बॉबिन-लेस म्हणतात, तिची साधने पाहिली की क्रोशाचे वेगळेपण लक्षात येते. त्या कामाला पेंढा ठासून भरलेली कडक उशी लागते. उशीवर जाड कागद बसवतात; नक्षीत जिथे जिथे टाचणी यायची तिथे त्याला आधीच भोके पाडलेली असतात. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके जे काम करतात, तेच इथे ही भोके करतात. दोरा गुंडाळलेल्या दांड्या जोडी-जोडीने उशीवरून लोंबतात आणि रुंद पट्टीला त्या डझनावारी लागतात. हालचाली दोनच. दोन जोड्यांतल्या मधल्या दांड्या एकमेकींवरून नेल्या की ‘छेद’ होतो. प्रत्येक जोडीतल्या दोन दांड्या आपसात फिरवल्या की ‘पीळ’ बसतो. छेद, पीळ, छेद असा क्रम ठेवला तर विणलेल्या कापडासारखा घट्ट भाग तयार होतो, आणि छेद-पीळ एवढ्यावर थांबले तर विरळ जाळी. आपल्या देशात हे काम रुजले ते दक्षिणेला. नागरकोईलला १८२० च्या सुमारास लंडन मिशनच्या मार्था मॉल्ट यांनी मुलींना ते शिकवायला सुरुवात केली.

बॉबिन-लेसच्या या दांड्यांना शुभ वस्तू बांधण्याचीही एक प्रथा होती; ती इंग्लंडच्या मध्य भागातली, बेडफर्ड आणि बकिंगहॅम परगण्यांतली. तिथल्या दांड्या बारीक आणि हलक्या असत. दोरा ताणलेला राहावा म्हणून त्यांच्या टोकाला तारेत काचेचे मणी ओवून वजन देत. वजनासाठी आलेल्या या मण्यांत हळूहळू माया मिसळली. कुणी जुन्या कपड्याचे बटण ओवले, कुणी शिंपला, कुणी नाणे, कुणी नशीब उघडावे म्हणून एखादी छोटी वस्तू. हाडाच्या दांड्यांवर ठिपके कोरून प्रियकराचे नाव किंवा जन्माची तारीख लिहिली जाई. बेडफर्डला झालेल्या फाशीची नोंदही अशा दांड्यांवर सापडते. त्याच देशातल्या डेव्हन परगण्यात मात्र दांड्या गुळगुळीत आणि टोकदार ठेवत, कारण तिथल्या पद्धतीत दांडी विणलेल्या फासातून ओढून घ्यावी लागते आणि मणी असता तर तो अडकला असता. शुभ वस्तूलाही कामाची सोय आधी पाहावी लागते.

लेस करणाऱ्या स्त्रियांनी आपली आश्रयदाती मानली ती अलेक्झांड्रियाची संत कॅथरिन. तिचा सण २५ नोव्हेंबरला येतो. बेडफर्डकडच्या कारागीर स्त्रिया त्या दिवशी काम बाजूला ठेवून गोडधोड करत. कोकणाशी या तारखेचा वेगळा संबंध आहे. १५१० साली अफोन्सो द आल्बुकर्क याने याच दिवशी गोवा जिंकले, आणि म्हणून जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल याच संत कॅथरिनला वाहिलेले आहे.

क्रोशा पसरला तो भुकेमुळे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडाले आणि दुष्काळ पडला. तिथल्या धर्मभगिनींनी गरीब घरांतल्या बायकांना क्रोशा शिकवला. व्हेनिसची महागडी लेस करायला महिनोन्महिने लागत; तिच्यासारखी दिसणारी लेस या सुईने कितीतरी लवकर होई आणि विकलीही जाई. पुढे कॉन्व्हेंट आणि मिशनच्या शाळांतून हेच विणकाम हिंदुस्थानात आले.

साधने थोडी. लेससाठी पोलादी सुई वापरतात, साधारण पाऊण ते पावणेदोन मिलिमीटर जाडीची, टोकाला आकडा असलेली. सुती दोऱ्यावर १०, २०, ४०, ६० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा, दोरा तितका बारीक. मर्सराइज्ड दोरा घेतल्यास चकाकी राहते आणि धुऊन वीण सैल पडत नाही.

टाक्यांची मराठी नावे घरोघरी तोंडात बसलेली आहेत. फासातून दोरा ओढला की साखळी. सुई घालून दोरा ओढायचा आणि सुईवरच्या दोन्ही फासांतून एकदम बाहेर काढायचा, तो मुका खांब. आधी सुईवर एक वेढा घेतला, मग दोरा ओढून दोन-दोन फास सोडवले, की खांब उभा राहतो. बाकी सारी नक्षी या तिघांचीच. चौकटीच्या जाळीत एक खांब आणि दोन साखळ्या मिळून रिकामे घर होते. साखळ्यांच्या जागी खांब घातले की घर भरते. पायाला घरांच्या तिप्पट अधिक एक साखळी घ्यायची, म्हणजे दहा घरांना एकतीस, वळणाच्या साखळ्या वेगळ्या. चौकटीच्या कागदावर काढलेले फूल, क्रूस किंवा अक्षर असे सहज विणता येते. गोल रुमाल अधिक कठीण, कारण प्रत्येक फेरीत खांब वाढवावे लागतात. कमी वाढले तर रुमाल मध्ये खोलगट होतो, जास्त वाढले तर कडेला झालर पडते.

उशी, टाचण्या आणि दांड्यांचा पसारा मांडून प्रवासात बसता येत नाही. क्रोशा पर्समध्ये मावतो. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली ही खास महिलांची लोकल सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. त्या डब्यांत भाज्या निवडल्या जातात तसे विणकामही होते. गर्दीत हात चालवायला एवढीशी जागा पुरते, आणि उतरायचे स्टेशन आले तर फास थोडा मोठा ओढून टाका तिथेच थांबवता येतो.

क्रोशाला छंद म्हणताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा-लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या बायका परदेशी बाजारासाठी विणत असूनही त्यांना ‘घरी बसून फावल्या वेळात काम करणाऱ्या गृहिणी’ समजले गेले आणि म्हणून मोबदला कमी ठेवला गेला, हे समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ च्या पुस्तकात दाखवून दिले. बाजारात येणारा खरा क्रोशा आजही हातानेच विणला जातो. दुकानातली क्रोशासारखी दिसणारी यंत्राची लेस वेगळ्याच विणीची असते. म्हणून वसईत हाताने विणलेला रुमाल विकत घेताना त्यामागचे तास मोजूनच किंमत द्यावी.

विणून झाल्यावर लेस कोमट पाण्यात धुतात, साबुदाण्याची पातळ खळ देतात आणि ओली असतानाच जाड कापडावर टाचण्यांनी ताणून वाळवतात. या ताणण्याशिवाय कोन सरळ येत नाहीत. वसईच्या दमट पावसाळ्यात ठेवणीची काळजी अधिक घ्यावी लागते. खळीवर कसर लागते, म्हणून जूनपूर्वी खळ धुऊन काढावी, लेस पूर्ण वाळवावी आणि घडी न घालता सुती कापडासह गुंडाळी करून ठेवावी. घडीच्या रेषेवर दोरा आधी तुटतो.