बाबांची पद्मिनी आणि एक राहिलेली कबुली

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला फोनवर सूचना मिळाली होती, "काहीही बोल, पण पाच मिनिटांत आटप आणि कुणाला रडवू नकोस." पाच मिनिटांचं काही खरं नाही. सर, तुम्ही हसताय, कारण माझी निबंधाची वही कधीच दिलेल्या ओळींत संपायची नाही हे तुम्हाला आठवतंय.

आमची गाडी किती जणांना आठवते? हात वर करा. बघा, निम्मा वर्ग. आणि या निम्म्या वर्गाने तिला कधी ना कधी धक्का मारलेला आहे! क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी १९८८ मध्ये मुंबईहून सेकंडहँड आणली. मूळची इटलीची फियाट ११००, पण कुर्ल्याला तयार होऊन १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली जाणारी. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. थंडीत चोक ओढून चार वेळा किल्ली फिरवली तरी ती फक्त खोकायची. मग बाबा खाली उतरून यमुनानगरच्या आमच्या गल्लीत हाक द्यायचे, "चला रे पोरांनो!"

बाबा टेल्कोत, प्रेस शॉपला. दिवसभर ट्रकचे पत्रे दाबायचे आणि कामावर जायचे कंपनीच्या बसने. आपल्या गावाची गंमतच होती ती. पिंपरीत ट्रक व्हायचे, आकुर्डीत बजाजच्या स्कूटर व्हायच्या, १९९५ पासून तर टेल्कोच्या आवारात मर्सिडीजसुद्धा जोडली जाऊ लागली. पण शिफ्ट सुटली की रस्त्यावर लोंढा सायकलींचाच. चाकण म्हणजे आपल्यासाठी कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्गाची सहल. आज त्याच चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगन तयार होतात, आणि तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की बाबा म्हणतात, "गाड्या करायला शिकलो, रस्ते करायचे राहिले."

त्या काळात दारात गाडी म्हणजे अख्ख्या गल्लीची गाडी. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाची वरात, कुणाला पहाटे पुणे स्टेशन. खंडाळ्याचा घाट चढताना ती हटकून तापायची. डिकीत पाण्याचा कॅन कायम, आणि पेट्रोल पंपावर टाकायला ओलं फडकं. हा पेट्रोल पंप म्हणजे इंजिनला चिकटलेला छोटा पंप बरं का. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बसायची. ओलं फडकं टाकायचं, चहा प्यायचा, पुढे निघायचं.

दर रविवारी बाबा बॉनेट उघडून बसायचे. मदतीला आपल्याच वर्गातला एक मुलगा असायचा. त्याचं नाव मी घेत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ताच त्याने मान खाली घातली आहे. त्याचे वडील बाबांच्याच खात्यात होते. तो पॉलिश पेपरने पॉइंट घासायचा, प्लग साफ करायचा, आवाज ऐकून कार्बोरेटरचा स्क्रू किती फिरवायचा ते सांगायचा. बाबा आईला म्हणायचे, "या पोराच्या हाताला कान आहेत." मी गॅलरीतून बघायचे. गाडी हे मुलींचं काम नाही असं आमच्याकडे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण मला खाली कुणी बोलावलंही नव्हतं.

आता कबुली.

मे १९९६. परीक्षा झालेली, निकाल यायचा होता. बाबा सेकंड शिफ्टला, आई जुन्नरला माहेरी. मी, तो आणि आपल्या वर्गातल्या आणखी दोघी. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत नेली, म्हणजे शेजारच्या काकूंना आवाज जायला नको. स्टिअरिंगवर मी बसले. समोरचं नीट दिसेना म्हणून घरातून उशी आणून खाली घेतली. वय सोळाही पूर्ण नाही, लायसन्स नाही, अक्कल तर नाहीच. आज माझ्या मुलीने असं केलं तर २०१९ च्या सुधारित कायद्याप्रमाणे मला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिला हे भाषण मी वाचायला देणार नाही.

दुर्गा टेकडीच्या चढावर गाडी बंद पडली. मी हँडब्रेक ओढला, पण तो धरेना. ब्रेकवरचा पाय घाबरून क्लचवर गेला आणि गाडी मागे सरकायला लागली. मागून तळवड्याकडचे एक दूधवाले काका सायकल हातात धरून चढत होते. त्यांनी उडी मारली म्हणून वाचले. सायकल चाकाखाली आली, दोन्ही किटल्या आडव्या झाल्या आणि दूध उतारावरून वाहत गेलं. आम्ही थरथरत उतरलो. काका कपडे झटकत उठले आणि त्यांनी पहिलं विचारलं, "पोरांनो, कुणाला लागलं का?"

हे वाक्य मी तीस वर्षांत विसरलेले नाही.

परत येताना तो मला म्हणाला, "गाडी मी चालवत होतो असं सांगायचं. तुझं नाव आलं तर तुझं बाहेर पडणं बंद करतील. मला फार तर दोन फटके." आणि मी हो म्हटलं. रात्री अकराला बाबा आले तेव्हा तो फुटलेला टेललॅम्प हातात घेऊन दारात उभा होता. मी बाबांच्या मागे उभी होते. एक शब्द बोलले नाही.

बाबांनी काकांना रिम आणि दुधाचे पैसे नेऊन दिले. त्याला फटके बसले, दोनपेक्षा बरेच जास्त, आणि त्याच्या वडिलांनी त्याचं आमच्याकडे येणं कायमचं बंद केलं. पुढच्या रविवारी बाबांनी वर बघून मला हाक मारली आणि पान्हा माझ्या हातात दिला. तिथून माझं इंजिनिअरिंग सुरू झालं. लोक विचारतात, या क्षेत्रात कशी आलीस? मी म्हणते, वडिलांमुळे. ते अर्धंच खरं आहे. ज्या जागेवर बसून मी शिकले, ती जागा दुसऱ्याची होती.

मी हिंजवडीत गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिते. गाडी चढावर उभी आहे हे सेन्सर सांगतो, ब्रेकवरचा पाय उचलला तरी दोनेक सेकंद ब्रेकचा दाब धरून ठेवायचा, इंजिनाने ओढ घेतली की सोडायचा. गाडी मागे सरकत नाही. टेस्टिंगला प्रत्येक वेळी मी आरशात आधी मागे कोण आहे ते बघते. सहकारी हसतात.

या मेळाव्याचं निमंत्रण आलं तेव्हा मी बाबांना सगळं सांगितलं. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "मला त्याच रात्री कळलं होतं. ड्रायव्हरच्या सीटवर उशी होती. तो तुझ्यापेक्षा वीतभर उंच, त्याला उशी कशाला?"

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"तू सांगशील म्हणून थांबलो. तू सांगितलं असतंस तर त्याच्या बापाला समजावता आलं असतं. त्याने तुझ्यासाठी दिलेला शब्द मी कसा मोडणार? पण मीही चुकलोच. पोराचे रविवार गेले."

मित्रा, तुझं आज भोसरीत स्वतःचं वर्कशॉप आहे, तुझ्याकडे वीस माणसं कामाला आहेत. माझ्या कबुलीची तुला गरज नसेल. मला आहे. तुझ्यासोबत शिकलेल्यांसमोर आणि आपल्या सरांसमोर सांगते: गाडी मी चालवत होते. माफ कर.

पद्मिनी अजून आमच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली आहे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, पण आमची विकायची बाबांची तयारी नाही. ती चालू होत नाही. बाबांचे हात आता कापतात आणि माझं सॉफ्टवेअर तिच्या कामाचं नाही. बाबांनी तुला निरोप दिलाय, जसाच्या तसा सांगते:

"रविवारी ये म्हणावं. पॉइंट घासायचेत."

आणि बाकीच्यांनो, तुम्हीही या. धक्का मारायला माणसं लागतीलच.