सत्तरीनंतरची नोकरी आणि आजारपणाची सोय



मी सॉफ्टवेअरवाली, विम्यातली तज्ज्ञ नाही. पण माझे बाबा बहात्तराव्या वर्षीही भोसरीच्या एका कारखान्यात हिशेब पाहतात. गुडघे दुखतात, तरी जातात. कारण एकच: कंपनीच्या पॉलिसीत आईचं नाव आहे. नोकरी संपली की पॉलिसीही संपेल. म्हणून मी दुसरे पर्याय शोधले, तेच सांगते.

पहिला, ईएसआय. कायदा लागू असलेल्या ठिकाणी महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के भरले जातात. वयाची कमाल अट नाही. गोळ्या-औषधंही मिळतात. आपल्याकडे बिबवेवाडीला त्यांचं रुग्णालय आहे. किमान पाच वर्षं विमा असून वयोमानानुसार निवृत्त झालात, तर वर्षाला १२० रुपयांत पती-पत्नीला उपचार चालू राहतात. हे कित्येकांना माहीतच नसतं.

दुसरा, आयुष्मान कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, हे आधारवर मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरून. नोकरी किंवा खासगी पॉलिसी आड येत नाही. मात्र घरात दोघं सत्तरीपुढचे असतील, तर ५ लाख दोघांत मिळून. रुग्णालय यादीतलं हवं आणि रोजच्या बीपीच्या गोळ्या त्यात बसत नाहीत.

इथेच एक सावधगिरी. खडकी, देहूरोडच्या फॅक्टऱ्यांतून निवृत्त झालेल्यांकडे सीजीएचएस असतं, माजी सैनिकांकडे ईसीएचएस. त्यांना जुनी योजना किंवा आयुष्मान, एकच निवडावी लागते. दर महिन्याची औषधं जुन्या योजनेतून मिळत असतील, तर ५ लाखांचा आकडा पाहून घाईने सही करू नका.

आणि कंपनीची पॉलिसी असेल, तर राजीनाम्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची चौकशी करा. नंतर नव्याने घ्यायची, तर जुन्या आजारांसाठी थांबावं लागू शकतं.

बाबांनी कार्ड काढलं. आई अजून अडुसष्टची, म्हणून ते आणखी दोन वर्षं कामावर जाणार आहेत. पण आता ही दोन वर्षं मोजून घेतलेली आहेत.

सर, बाई, जेवणानंतर आधार आणि मोबाईल घेऊन मागच्या टेबलावर या. आमच्यातले तिघेचौघे तिथे बसलेलो असू. आज तरी गृहपाठ आम्ही तपासतो!