पालकसभा कोणाच्या घड्याळानें?
(एका खेड्यांतील शिक्षकानें पालकांपुढें केलेलें भाषण)



पालकसभा शाळेच्या वेळांत भरवावी कीं शाळा सुटल्यावर, हा प्रश्न दिसायला लहान आहे. पण त्याच्या पोटांत मोठी गोष्ट आहे.

बहुतेक ठिकाणीं मुलाच्या हातीं चिठ्ठी येते, "बुधवारीं सकाळीं 11 वाजतां हजर राहावें." त्या वेळीं रिकामा कोण असतो? खुरपायला गेलेली बाई अर्ध्या पातींतून उठली, तर तिची दिवसाची मजुरी बुडाली. कुंभाराची माती मळलेली असते, सुताराच्या दारांत गिऱ्हाईक बसलेलें असतें. मग सभेला येतो तो ज्याचे हात रिकामे तो. तोच बोलतो, त्याचेंच ठरतें. बाकीच्यांच्या सह्या मागाहून घरोघर गोळा होतात, आणि वहींत "सर्वानुमतें मंजूर" असें लिहिलें जातें! वर बोल ऐकावा लागतो तो हा कीं, कष्टकऱ्यांना मुलांच्या शिक्षणाची पर्वाच नाहीं. बंधूंनो, पर्वा आहे. घड्याळ मात्र दुसऱ्याचें आहे.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 सालीं झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या 21 व्या कलमाप्रमाणें आपल्यासारख्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितींत चारांतले तीन सभासद पालक हवेत, आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेचा कारभार पाहणें, विकासाचा आराखडा करणें, अनुदानाचा खर्च तपासणें हीं त्यांचीं कामें. 24 वें कलम शिक्षकाला सांगतें कीं, पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, समज व प्रगति कळवावी. सभेची वेळ मात्र त्या कलमांत नेमलेली नाहीं. ती ठरविणें आपल्याच हातीं आहे. खुरपणारी बाई जेथें पोहोंचूं शकत नाहीं, तेथें तिचा हक्क कागदावरच राहतो.

शाळेच्या वेळांतील सभेनें मुलांचेंही नुकसान होतें. दोनशिक्षकी शाळेंत दोघेही सभेला बसले, तर वर्ग कोणीं चालवावे?

आतां दुसरी बाजू पाहूं. शाळा सुटतांच सभा घेतली, तर तीच वेळ चुलीची आणि धार काढण्याची. बाहेरगांवाहून येणाऱ्या शिक्षिकेची शेवटची एस. टी. चुकते. ही अडचण खोटी नव्हे. पण कायद्यानें शिक्षकाचे आठवड्याचे 45 तास धरले आहेत, व त्यांत पाठाच्या तयारीचा वेळही आला. महिन्यांतून एका संध्याकाळचा तास त्यांतच मोजावा. शिक्षकाकडून तो फुकट मागूं नये, आणि त्यानेंही तो उपकार समजूं नये.

म्हणून माझ्या सूचना अशा. पेरणी व सुगीच्या ऐन दिवसांत मोठी सभा नको. एरवीं महिन्याची सभा जेवणें उरकल्यावर, वस्तीजवळ, एक तासाची असावी. आठवड्याच्या बाजाराला मजुरांची सुट्टी असते. एक सभा त्या दिवशीं ठेवावी, म्हणजे परगांवच्या शिक्षिकेलाही वेळेवर परततां येईल. ऊसतोडीला जाणाऱ्यांची सभा कोयते बाहेर पडण्यापूर्वींच घ्यावी, म्हणजे मूल मागें कोणाजवळ ठेवायचें हें वेळेवर ठरेल. आणि जो हजर नाहीं, त्याची सही मागाहून घेऊं नये.

जोतीराव फुल्यांनीं 1855 सालीं रात्रीची शाळा काढली, ती दिवसा राबणाऱ्यांसाठींच. राबणाऱ्यांच्या वेळेला विद्येनें जावें, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे.

मायबहिणींनो, चिठ्ठीची वाट पाहूं नका. आपली सोयीची वेळ आजच सांगा, समितीच्या वहींत लिहवून घ्या, आणि त्या वेळेला न चुकतां या. तुम्ही आलां नाहींत, तर तुमच्या मुलाचें ठरविणारा दुसराच कोणी असेल.