सुधारणा : कागदावरची आणि घरातली

(श्री विठ्ठल-रुक्मिणी मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात सायंकाळच्या सभेत केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. एस.एस.सी. झालेला, सटाण्याच्या तहसील कचेरीत नोंदी करणारा एक साधा कारकून आहे. समितीने आज्ञा केली की, सुधारणांनी समाज कसा घडतो यावर चार शब्द बोल. विषय विद्वानांचा आहे. परंतु कायदा झाला की तो शेवटी आमच्या टेबलावर येतो, एवढ्या अधिकारावर बोलतो. चूकभूल पदरात घ्यावी.

आमच्या खात्यातल्या माणसाने बोलायचे तर आरंभ देवमामलेदारांपासूनच करावा लागतो. यशवंतराव महाराज हे सटाण्याचे मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात लोक अन्नावाचून तडफडू लागले, तेव्हा त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांना वाटला. एक लाख सत्तावीस हजार रुपये वाटले, असे आपल्याकडे परंपरेने सांगतात. राज्य इंग्रजांचे, तिजोरी सरकारची, नियम कडक. परंतु माणूस नियमाच्या पुढे गेला. म्हणून आरमकाठी त्यांचे मंदिर उभे राहिले आणि मार्गशीर्ष वद्य एकादशीला यात्रा भरते. मामलेदार पुष्कळ झाले, देव एकच झाला.

आज परिस्थिती उलट आहे. आज नियम पुढे गेला आहे आणि माणूस मागे राहिला आहे. मला जे सांगायचे ते एवढेच आहे.

आज सकाळी आपण कळस चढवला. वाटेने जाणारा माणूस कळसाला हात जोडून पुढे जातो, त्याला आपण भक्ती म्हणतो. परंतु माझे आजोबा सांगत, त्यांच्या लहानपणी गावातली काही माणसे चिंचेखाली उभी राहून नुसता कळस पाहून परत जात. त्यांना दुसरा मार्गच नव्हता. पंढरपुरात संत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, पायरीच्या खाली. आपण त्यांचे अभंग देवळात बसून गातो. चोखोबा स्वतः मात्र बाहेर राहिले.

ही गोष्ट बदलावी म्हणून आपल्याच जिल्ह्यात फार मोठा लढा झाला. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड हे त्याचे खंदे कार्यकर्ते. मंदिराच्या चारी दरवाजांवर सत्याग्रही बसले. त्यांत स्त्रियाही होत्या. लाठ्या खाल्ल्या, दगड खाल्ले, तुरुंग भोगले. हा लढा वर्षानुवर्षे चालला, तरी दार उघडले नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यास बाबासाहेबांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मंडळी, दार उघडायला उशीर झाला की बाहेरचा माणूस कायमचा निघून जातो. तो गेला यात त्याचा दोष नाही.

पुढे १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले. त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली. कागदावर एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? परंतु त्या ओळीमागे केवढे कष्ट आहेत हे पाहा. आणि ओळ लिहून झाल्यावरही चिंचेखालची माणसे लगेच देवळात आली नाहीत. बोलावणार कोण आणि पहिले पाऊल टाकणार कोण, यात आणखी कितीतरी वर्षे गेली.

हे आपल्याकडेच घडले असे समजू नका. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. महात्मा फुल्यांना त्याचा एवढा आनंद झाला की, १८७३ साली त्यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्या देशातल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. परंतु तिथल्या काळ्या लोकांना निर्वेधपणे मत देता यावे म्हणून १९६५ साली पुन्हा कायदा करावा लागला. मध्ये बरोबर शंभर वर्षे गेली.

मग कायदे व्यर्थ आहेत काय? मुळीच नाही. कूळकायदा पाहा. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. या सभेत बसलेल्या कित्येकांच्या सातबाऱ्यावर त्या कायद्याची नोंद सापडेल. तो कायदा जिथे फळाला आला तिथे दोन गोष्टी होत्या. कूळ जमिनीवर आधीपासून उभे होते आणि ते आपला हक्क मागायला कचकले नाही. जिथे कुळाने भीडेपोटी कागद लिहून दिला तिथे जमीन गेली. भीड ही फार वाईट चीज आहे. ती कायद्याला हरवते.

आणि आता घरातली गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, परंतु देवाच्या दारात खोटे बोलू नये.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने हा कायदा १९९४ साली केला, साऱ्या देशाला तो ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो. हे सर्व मला पाठ आहे. आमचे वडील २०१४ साली वारले. वारसनोंदीत बहिणीचे नाव लागले. नंतर मीच हक्कसोडपत्राचा कागद तयार केला आणि तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "भाऊ, माहेर तोडू नको म्हणजे झालं." आणि सही केली. मी तिला साडीचोळी केली, पुरणपोळीचे जेवण घातले आणि मनात समजलो, रीत पाळली.

पुढे तिच्या घरी डाळिंबावर तेल्या पडला. दोन बहार हातचे गेले, कर्ज झाले. ती माझ्याकडे आली आणि मान खाली घालून पैसे मागितले. मी दिले. ती डोळे पुसून म्हणाली, "भाऊ, तुझे उपकार झाले." मंडळी, ज्या रानाच्या कांद्याचे ते पैसे होते, त्या रानात तिचाही वाटा होता. तिच्याच वाट्यातले पैसे मी तिला उपकार म्हणून दिले. त्या रात्री मला झोप आली नाही. चिंचेखाली माणसे उभी करणारे लोक वाईट होते, असे मी समजत आलो होतो. ते बहुधा माझ्यासारखेच होते. त्यांनीही रीतच पाळली.

हक्कसोडपत्र कोणी स्वखुशीने करीत असेल तर ते बेकायदा नव्हे. परंतु खुशी कोणती आणि भीड कोणती, हे भावाला समजते. माझ्या बहिणीचा वाटा बक्षीसपत्राने तिच्या नावे करून द्यायचे मी ठरवले आहे. घरात बोलणे झाले आहे. थोडी धुसफूस झाली, ती निवेल. आज सभेत मुद्दाम सांगतो, कारण चारचौघांत दिलेला शब्द मागे घेता येत नाही.

समितीला एकच विनंती आहे. देणगीदारांची यादी उतरवून घेताना मी पाहिले, कित्येक मायभगिनींनी स्वतःच्या मजुरीतून आणि बचत गटाच्या पैशांतून देणगी दिली आहे आणि पावती मात्र घरधन्याच्या नावाने फाडली आहे. शिळा अजून कोरायची आहे. जिने दिले तिचेच नाव शिळेवर यावे.

आपण जुन्या भिंती उतरवल्या, पाया तपासला, कुजलेले लाकूड काढले आणि मगच कळस चढवला. जीर्णोद्धार याच क्रमाने होतो. घराचाही आणि समाजाचाही. सरकार कायदा करील, कारकून नोंद करील, परंतु उंबरठ्याच्या आत "या, बसा" म्हणणे हे ज्याचे त्यानेच करायचे असते. एवढे बोलून आपली रजा घेतो.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! जय हिंद! जय महाराष्ट्र!